बाईंचा मोबाईल आणि गोणपाटातले सोयाबीन



या सदरात आपण नेहमी बी-बियाणे, खत, पाणी, कीड यांच्या गोष्टी बोलतो. आज जरा शाळेत जाऊन येऊ. येताना शेताच्याच वाटेने येऊ, म्हणजे तुमचा वेळ वाया जाणार नाही.

घरात नवे अवजार आले की काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पेरणीयंत्र दारात उभे राहिले म्हणून पेरणी साधत नाही. नळ्यातून बी किती पडते, फण किती खोल जातो, आपल्या जमिनीत ओल कुठवर आहे, हे कळायला एक-दोन हंगाम जातात. पहिल्या वर्षी कुठे दाट, कुठे विरळ उगवते. शेजारी हसतात. शहाणा शेतकरी मात्र आधी चार तासांवर यंत्र चालवून पाहतो, माती उकरून बी मोजतो आणि मगच सगळे रान पेरतो. शाळेत नवे साधन येते तेव्हा शिक्षकालाही असेच शिकावे लागते. हे मला एका बाईंनी शिकवले.

मराठवाड्यातले एक लहान गाव. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पाचवीपर्यंत. पट तेवीस. गावाने वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही घेऊन दिला. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. बाईंची नोकरी चोवीस वर्षांची. फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे, पण टीव्हीला हात लावायची भीती. "बोट लागलं आन्‌ काही उडालं तर गाव म्हणेल, बाईनं बिघडवला," असे त्यांनी मला नंतर हसत सांगितले.

पहिला महिना बाईंनी तयार धडे लावले. मुले चिडीचूप बसून पाहत. बाईंना वाटले, बरे झाले. दुसऱ्या दिवशी विचारले, तर गाणे सगळ्यांना पाठ आणि धडा कोणालाच सांगता येईना. तिकडे पारावर चर्चा सुरू झाली. ग्रामसभेत एक शेतकरी उभा राहिला आणि म्हणाला, "टीव्हीच बघायचा तर घरी काय कमी हाय? मी माझी दोन्ही लेकरं तालुक्याच्या शाळेत घालतो."

बाई त्या रात्री झोपल्या नाहीत. तेविसातले दोन गेले की त्यांच्यामागे आणखी चार जातात. पट घसरला की पुढे शाळेचे काय होते, ते आपण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर पाहतोच. आणि ज्यांच्या घरी तालुक्याला जाण्याच्या गाडीचे भाडे नाही, त्यांच्या मुलींनी कुठे जायचे?

बाईंनी टीव्हीवर कापड टाकून ठेवले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या उभ्या राहिल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "मला हे जमत नाही. कोणी शिकवाल का?" चोवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला हे बोलणे सोपे नसते. त्यांच्या लेकाच्या वयाच्या एका गुरुजींनी त्यांना एकच गोष्ट सांगितली. "बाई, आधी मुलांना विचारा, काय होईल असं वाटतं? मग दोनच मिनिटं दाखवा. बंद करा. आणि पाहिलेलं त्यांच्याकडून काढून घ्या."

बाईंनी हेच धरले. आठवड्यात एकच धडा, त्यातली एकच अवघड जागा आणि दोन-तीन मिनिटे पडदा. बाकी खडू, फळा आणि स्वतःची वाणी. यालाच आपण शेतात प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला बाईंचा फोन आला. "साहेब, बी कसं उगवतं हे मुलांना शिकवायचंय. पुस्तकात चित्र आहे, पडद्यावरही आहे. पण ही तर शेतकऱ्यांची पोरं. त्यांना परदेशातल्या बियाचं चित्र दाखवून मी वेगळं काय शिकवणार?"

मी म्हटले, "बाई, चित्र तुम्हीच काढा. बी त्यांच्याच घरचं घ्या."

मग आम्ही दोन प्रयोग मांडले. पहिला काचेच्या पेल्याचा. पेल्याच्या आतून ओला टीपकागद लावला आणि कागद व काच यांच्यामध्ये सोयाबीनचे चार दाणे अडकवले. सकाळची शाळा होती. रोज आठ वाजता एका मुलाने त्याच जागी उभे राहून बाईंच्या मोबाईलवर पेल्याचा फोटो काढायचा, असे ठरले. आधी बाईंनी विचारले, "अगोदर काय बाहेर येईल, मूळ की कोंब?" अर्धा वर्ग म्हणाला कोंब, अर्धा म्हणाला मूळ. दोन्ही गटांची नावे फळ्यावर लिहून ठेवली. चौथ्या दिवशी बाईंनी पेला आडवा केला.

आठव्या दिवशी सगळे फोटो टीव्हीवर ओळीने लावले. आधी मूळ फुटलेले, मग मान वाकडी करून वर येणारा कोंब, त्याच्या डोक्यावर दाण्याच्या दोन डाळी. पेला आडवा केल्यावर मुळाने वळण घेऊन पुन्हा खालची वाट धरली होती आणि कोंबाने वरची. जन्मापासून शेतात वावरणारी ती मुले, पण मातीआड काय चालते हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. रोजचे रोज पाहून जो बदल डोळ्यांत भरला नव्हता, तो आठ फोटो ओळीने लावल्यावर ध्यानात आला. मोबाईलचे खरे काम एवढेच, पण ते खडूने झाले नसते.

दुसरा प्रयोग तुमच्या कामाचा, म्हणून नीट वाचा. मुलांनी घरच्या पोत्यातले मूठ-मूठ सोयाबीन आणले. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा दाण्यांची एक, अशा दहा ओळी, म्हणजे न निवडता सरसकट घेतलेले शंभर दाणे मांडले. वर दुसरे ओले गोणपाट टाकून हलक्या हाताने गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडले. सातव्या दिवशी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजले. शंभरातले जितके उगवले, तितके टक्के उगवण. टक्केवारीचे गणित त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता आकडे लिहून ठेवा. सोयाबीनची उगवण सत्तर टक्के किंवा जास्त असेल तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. त्याखाली दर एका टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे. पासष्ट टक्के असेल तर साडेबत्तीस किलो झाले. साठाच्या खाली उगवण असेल तर ते बियाणे पेरण्याच्या भरीस पडू नये. २०२० च्या खरिपात आपल्या राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या किती तक्रारी झाल्या आणि किती घरांवर दुबार पेरणीची वेळ आली, ते विसरण्यासारखे नाही.

ग्रामसभेत बोललेल्या त्या शेतकऱ्याची धाकटी लेक चौथीत होती. तिच्या गोणपाटात चोपन्न दाणे उगवले. पोर घरी जाऊन म्हणाली, "बाबा, आपलं बी शंभरात चोपन्नच निघालं." बाप चिडला. चार एकरांचे बियाणे घरचेच होते. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला तो भांडायच्याच तयारीने.

बाईंनी वाद घातला नाही. "भाऊ, बसा," म्हणाल्या आणि गुंडाळी उघडतानाचा फोटो टीव्हीवर मोठा करून लावला. तारीख होती, पोरीच्या नावाची चिठ्ठी होती, दहाच्या दहा ओळी स्पष्ट दिसत होत्या. त्याने उठून पडद्यावर बोट ठेवत एकेक दाणा मोजला. चोपन्नच भरले. मग घरी जाऊन त्याने स्वतः गुंडाळी केली. छप्पन्न आले.

मी चौकशी केली तेव्हा कारण कळले. काढणीच्या वेळी पीक पावसात भिजले होते आणि पोती एकावर एक रचून ठेवली होती. सोयाबीनचे साल नाजूक. आपटले, दबले, भिजले की आतला कोंब मरतो, वरून दाणा मात्र टपोरा दिसतो. त्याने ते बियाणे बाजूला काढले आणि ज्या शेजाऱ्याच्या मुलाच्या गोणपाटात ब्याऐंशी दाणे उगवले होते, त्याच्याकडून बियाणे घेतले. चार एकरांची दुबार पेरणी टळली.

वाचकहो, सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. त्याचा थोरला तालुक्याच्या शाळेत गेलाच. धाकटी मात्र गावच्या शाळेत राहिली. बाई म्हणतात, "एक राहिली ना, मग दुसऱ्याचंही बघू."

एका गोष्टीचा उल्लेख करतो. २००६ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू केलर यांनी असे मांडले की, शिक्षकाला विषय यावा, शिकवण्याची हातोटी यावी आणि साधन वापरता यावे. पण तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या येऊन भागत नाही, त्यांचा मेळ बसावा लागतो. आपल्याकडे जमीन, पीक आणि अवजार यांचा मेळ बसावा लागतो, तसेच हे.

आणि हे खेड्यात घडत नाही असे कोणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. दुकानात पैसे देताना आपण जो काळा-पांढरा चौकोन मोबाईलपुढे धरतो, तोच. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज पाठ्यपुस्तकात असे चौकोन छापलेले दिसतात. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी ॲपमधून ते उघडले की त्या धड्याची चित्रफीत किंवा सराव पुढे येतो.

आता तुमच्या वाट्याचे काम सांगतो.

पहिले, मुलाला "आज टीव्हीवर काय पाहिलंस?" असे विचारू नका. "काय कळलं, मला सांग," असे म्हणा. सांगता आले तर साधन कामी आले. नाही आले तर बाईंना जाऊन विचारा, पण पारावर नव्हे, शाळेत.

दुसरे, घरातला मोबाईल अभ्यासाला द्यायचा तर वेळ ठरवून द्या, अर्धा तास पुरे. मोठ्या माणसाने जवळ बसावे. फोन पोराच्या हाती आणि झाडू पोरीच्या हाती, असे होऊ देऊ नका. शेजारच्या घरी फोन नसेल तर त्या लेकराला आपल्या ओसरीवर बोलवा.

तिसरे, वर्गणी फक्त वस्तू घेण्यापुरती काढू नका. वीजबिल आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षी थोडी बाजूला ठेवा. ट्रॅक्टर घेऊन डिझेलला पैसा नाही, अशी शाळेची गत होऊ नये. गावात तारा जोडता येणारा तरुण असेल तर त्याने महिन्यातून एकदा शाळेत डोकावावे.

चौथे, शाळेत काढलेले मुलांचे फोटो गावभर फिरवू नका. बियाचा फोटो कितीही दाखवा, लेकरांचा जपून.

आणि शेवटचे. शिकणाऱ्या शिक्षकाला हसू नका. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर "मला येत नाही" म्हणणारा माणूस मुलांनाही न लाजता विचारायला शिकवतो. पहिल्या वर्षी पेरा वाकडा गेला म्हणून आपण यंत्र विकत नाही आणि पेरणाऱ्याला शिव्याही देत नाही.

पेरणीआधी आपल्या पोत्यातले शंभर दाणे गोणपाटात मांडा. मोजायचे काम घरातल्या शाळकरी लेकराला द्या आणि आलेला आकडा त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या.

भेटू पुढच्या अंकात. रामराम.