पैसे दिले, मास्क दिले, पण घरी येऊ दिलं नाही : कोरोनाच्या उन्हाळ्यात जपानमधल्या परदेशी रहिवाशांसोबत काय झालं होतं?

समजा, तुम्ही पुण्याचे. दहा वर्षांपूर्वी आयटीतल्या नोकरीसाठी टोकियोला गेलात आणि तिथलेच झालात. निशी-कासाईमध्ये भाड्याचं घर, मुलं तिथल्याच शाळेत, दर महिन्याला पगारातून टॅक्स आणि पेन्शनचे पैसे कापले जातात. मार्च २०२० मध्ये आईची तब्येत बिघडली म्हणून एकटेच पुण्याला आलात. पंधरा दिवसांत परत जायचं होतं.

तेवढ्यात भारतातून जाणारी आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. मग विशेष विमानं सुरू झाली, तर २७ मे पासून जपाननं भारताचं नाव प्रवेशबंदीच्या यादीत टाकलं. तुमचं घर टोकियोत, बायको-मुलं टोकियोत, नोकरी टोकियोत. व्हिसा चालू आहे, रेसिडेन्स कार्ड खिशात आहे. पण आत घेणार नाहीत, कारण पासपोर्ट भारताचा आहे.

त्याच सुमारास टोकियोतल्या तुमच्या घरी पालिकेचा एक लिफाफा येतो. कोरोनाची मदत म्हणून घरातल्या प्रत्येक माणसामागे सरकार एक लाख येन देणार, त्याचा तो फॉर्म. त्यात तुमचंही नाव आहे.

म्हणजे एकच देश एका हातानं तुम्हाला 'आमचा रहिवासी' म्हणत होता आणि दुसऱ्या हातानं दार लावून घेत होता. २०२० च्या उन्हाळ्यात जपानमध्ये नेमकं हेच चाललं होतं. पण असं का झालं?

आधी तो उन्हाळा कसा होता ते बघा

आपल्याकडे उन्हाळा म्हटलं की एप्रिल-मे. जपानचा उन्हाळा जून ते ऑगस्ट. आधी पावसाची झड, मग अंगाला चिकटणारा दमट उकाडा. याच दिवसांत गावोगावी आतषबाजी होते, जत्रा भरतात आणि ऑगस्टच्या मध्यावर ओबोन येतो. ओबोन म्हणजे पितरांची आठवण काढायचे दिवस. शहरातली माणसं यासाठी गावी जातात.

२०२० मध्ये यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. टोकियोतल्या सुमिदा नदीवरची आतषबाजी रद्द झाली. क्योतोच्या गिओन उत्सवातली रथांची मोठी मिरवणूक रद्द झाली. हा उत्सव इसवी सन ८६९ मध्ये रोगराई टळावी म्हणूनच सुरू झाला होता, आणि रोगराईमुळेच त्याची मिरवणूक थांबली. टोकियोच्या गव्हर्नर युरिको कोइके यांनी ओबोनला गावी जाऊ नका, असं लोकांना सांगितलं.

त्यात निसर्गानंही काही सोडलं नाही. ४ जुलैला कुमामोतो प्रांतात कुमा नदीला पूर आला आणि एका वृद्धाश्रमातच १४ जणांचा जीव गेला. पूरग्रस्तांना शाळेच्या हॉलमध्ये हलवायचं, तर तिथे अंतर ठेवायचं कसं हा नवा प्रश्न. पुढे १७ ऑगस्टला हामामात्सु शहरात पारा ४१.१ अंशांवर गेला. हा तेव्हा जपानमधल्या सर्वाधिक तापमानाशी बरोबरी करणारा आकडा होता. त्यामुळे सरकारला एकीकडे 'मास्क लावा' सांगावं लागत होतं आणि दुसरीकडे 'उघड्यावर दोन मीटर अंतर असेल तर मास्क काढा, नाहीतर उष्माघात होईल' असंही.

या सगळ्या सूचना रोजच्या रोज बदलत होत्या आणि मुळात जपानी भाषेत येत होत्या. २०१९ च्या शेवटी जपानमध्ये २९ लाखांहून जास्त परदेशी नागरिक राहत होते. त्यात भारतीय साधारण ४० हजार. यातल्या अनेकांना दुकानात बोलण्यापुरती जपानी येते, पण सरकारी नोटीस वाचता येत नाही.

सूचना वाचता येणं इतकं अवघड का असतं?

सरकारी जपानी ही बोलण्यातल्या जपानीपेक्षा बरीच वेगळी असते. साधं उदाहरण घ्या. सुरक्षित जागी जा, यासाठी सरकारी शब्द आहे 'हिनान'. नव्या माणसाला तो कळत नाही. पण 'निगेते', म्हणजे 'पळा', हे लहान मुलालाही कळतं. पुराच्या वेळी या एका शब्दानं जीव वाचू शकतो.

हा धडा जपान १९९५ च्या कोबे भूकंपात शिकला होता. तेव्हा अनेक परदेशी लोकांपर्यंत सूचना पोहोचल्याच नाहीत. कारण त्या जपानीत होत्या, फार तर इंग्रजीत. आणि ब्राझील, चीन किंवा व्हिएतनामहून आलेल्या सगळ्यांना इंग्रजी येतं असं थोडंच आहे! त्यातून 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, ही कल्पना पुढे आली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, अवघड चित्रलिपीच्या डोक्यावर उच्चार लिहिलेला.

बरं, गोंधळ फक्त परदेशी लोकांचाच होत होता असंही नाही. जागा सोडण्याचा 'सल्ला' आणि जागा सोडण्याचा 'आदेश' या दोन सरकारी सूचनांमधला फरक खुद्द जपानी लोकांनाही कळत नव्हता. शेवटी मे २०२१ मध्ये सरकारनं त्या दोन्हींचा मिळून एकच आदेश केला.

पैसे मिळाले ते कशामुळे?

एप्रिल २०२० मध्ये शिंझो आबे सरकारनं प्रत्येक माणसाला एक लाख येन, म्हणजे तेव्हाचे साधारण ७० हजार रुपये, द्यायचं ठरवलं. अट एकच. २७ एप्रिल २०२० ला तुमचं नाव पालिकेच्या रहिवासी नोंदवहीत पाहिजे. नागरिकत्व विचारलं नाही.

याचं मूळ २०१२ मध्ये आहे. त्याआधी परदेशी लोकांची नोंद वेगळ्या वहीत व्हायची. ९ जुलै २०१२ पासून कायदा बदलला आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणारे परदेशी लोक जपानी शेजाऱ्यांच्याच नोंदवहीत आले. त्यामुळे पालिकेसाठी तुम्ही भारतीय की जपानी हा प्रश्न बराचसा मागे पडला. तुमचा पत्ता आमच्या हद्दीत आहे ना, मग तुम्ही आमचे.

कापडी मास्क घरटी दोन असे वाटले गेले, तेही पत्त्यावर. २०२१ मध्ये लशीची कुपनं आली, तीही पत्त्यावर आणि फुकट. ज्यांचं नाव या नोंदवहीतच नव्हतं, म्हणजे व्हिसा संपलेले किंवा अगदी कमी मुदतीवर राहणारे, त्यांना मात्र त्या एक लाख येनमधलं काहीच मिळालं नाही.

अगदी सगळीकडे समान वागणूक होती असंही नाही. अडचणीतल्या विद्यार्थ्यांना मदत जाहीर झाली, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांना एक जादा अट लावली. मार्कांमध्ये वरच्या ३० टक्क्यांत असाल तरच पैसे. जपानी विद्यार्थ्याला ही अट नव्हती. पार्ट-टाइम नोकरी मात्र दोघांचीही गेली होती.

मग दार का बंद झालं?

पालिका पत्ता बघते, पण विमानतळ पासपोर्ट बघतो. खरी मेख इथेच आहे.

३ एप्रिल २०२० पासून जपाननं ७३ देश आणि प्रदेशांतून येणाऱ्या परदेशी लोकांना बंदी घातली. यादी वाढत ऑगस्टपर्यंत १५० च्या वर गेली. जपानी नागरिक याच देशांतून परत येऊ शकत होते. विमानतळावर टेस्ट करायची, चौदा दिवस वेगळं राहायचं, झालं. पण त्याच विमानात शेजारच्या सीटवर बसलेल्या परदेशी रहिवाशाला ही सोय नव्हती. जपानी माणसाशी लग्न झालेले आणि कायमस्वरूपी राहण्याचा परवाना असलेले लोकही, बंदी लागू झाल्यावर देशाबाहेर गेले असतील, तर अडकले. अपवाद होता तो 'विशेष कायम रहिवाशांचा'. यात मुख्यतः पिढ्यान् पिढ्या जपानमध्ये राहणारी कोरियन वंशाची माणसं येतात.

यासाठी वापरलेलं कलम वाचलं तर आश्चर्य वाटेल. इमिग्रेशन कायद्याच्या पाचव्या कलमात एक तरतूद आहे. जपानच्या हिताला किंवा सुरक्षेला धोका पोहोचवेल असं मानायला सबळ कारण असेल, तर त्या परदेशी व्यक्तीला प्रवेश नाकारता येतो. त्याच तरतुदीखाली नोकरदार, विद्यार्थी आणि मुलाबाळांचे आईबाप विमानतळाबाहेर ठेवले गेले.

सरकारचं म्हणणं होतं, विमानतळावर टेस्ट करायची क्षमता कमी आहे. त्यात तथ्य होतं. पण टेस्ट कमी आहेत तर रांग कशी लावायची, हा प्रश्न होता. अमेरिकेनं ग्रीन कार्डवाल्यांना बंदीतून वगळलं. युरोपातल्या देशांनीही आपल्याकडच्या दीर्घकालीन रहिवाशांना परत यायची मुभा ठेवली. जी-सेव्हनमधल्या श्रीमंत देशांपैकी आपल्याच परदेशी रहिवाशांना बाहेर ठेवणारा जपान हा एकटाच होता. जपानमधल्या अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्सनं आणि युरोपियन बिझनेस कौन्सिलनं यावर उघड नाराजी व्यक्त केली.

जूनमध्ये सरकारनं काही सवलतींची उदाहरणं जाहीर केली. नातेवाईक अत्यवस्थ असेल, अंत्यविधी असेल, ऑपरेशन असेल, तर विचार होईल. पण आधी खात्री नाही. म्हणजे वडील गेले तर विमानात बसायचं आणि परतीचा निर्णय अधिकाऱ्यावर सोडायचा. अनेकांनी जपानमध्येच बसून व्हिडिओ कॉलवर अंत्यदर्शन घेतलं.

त्याच खात्याचं दुसरं काम

या गोष्टीतला सगळ्यात विचित्र भाग पुढे आहे. ६ जुलै २०२० ला टोकियोच्या योत्सुया भागात परदेशी रहिवाशांसाठी एक मदत केंद्र उघडलं. व्हिसा, नोकरी, कायदा यांचा सल्ला एकाच छताखाली. ऑगस्टमध्ये सरकारनं 'सोपी जपानी कशी लिहावी' याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. या दोन्ही कामांत पुढे होती ती इमिग्रेशन एजन्सी, तीच जी विमानतळावर प्रवेश नाकारत होती.

यात लबाडी होती असं म्हणता येणार नाही. कामगार कमी पडतायत म्हणून जपानला परदेशी माणसं हवी होती. २०१९ मध्ये त्यासाठी नवा व्हिसा आला आणि ही एजन्सीही तेव्हाच उभी राहिली. त्यामुळे आत असलेल्यांची सोय बघायची यंत्रणा तयार होत होती. पण संकट आल्यावर 'आपला' कोण, हे ठरवताना जुनी सवय कामाला आली. जपानी ते आत, बाकी ते बाहेर.

आणि याचा राजकीय फटका बसणार नव्हता. कायमस्वरूपी राहणाऱ्या परदेशी माणसालाही जपानमध्ये कुठल्याच निवडणुकीत मत देता येत नाही. निशी-कासाई ज्या एदोगावा वॉर्डात येतं, तिथून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. पण जपानचं नागरिकत्व घेतल्यावरच त्यांना निवडणूक लढवता आली.

दार उघडलं, पुन्हा लागलं

५ ऑगस्ट २०२० पासून बंदीआधी बाहेर गेलेल्या रहिवाशांना परत यायची वाट मोकळी झाली. १ सप्टेंबरपासून उरलेल्यांनाही. अट अशी की निघण्याआधी ७२ तासांतली निगेटिव्ह टेस्ट हवी. जपानी नागरिकांना तेव्हा ही अट नव्हती.

पुढचा उन्हाळा भारतीयांसाठी पुन्हा तसाच आला. डेल्टाच्या लाटेत, १४ मे २०२१ पासून भारत, नेपाळ आणि पाकिस्तानातून येणाऱ्या परदेशी रहिवाशांना बंदी झाली. ती सप्टेंबरमध्ये उठली. मधल्या काळात टोकियोत ऑलिंपिक झालं. कडक टेस्ट आणि बंधनं पाळून भारताचा संघ तिथे गेला, ७ ऑगस्टला नीरज चोप्रानं गोल्ड मेडल जिंकलं. ज्या शहरात तो भाला पडला, तिथे टॅक्स भरणारे भारतीय रहिवासी मात्र अजून भारतातच अडकून होते.

तरी काहीतरी बदललं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला आणि जपाननं नव्यानं येणाऱ्या परदेशी लोकांसाठी सीमा पुन्हा बंद केली. या वेळी बहुतेक देशांतून परतणाऱ्या रहिवाशांना वगळलं होतं. आधीच्या दोन उन्हाळ्यांतून घेतलेला तो धडा होता. त्याची किंमत नव्या विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी मोजली, ते बाहेर ताटकळत राहिले.

आज हे का आठवायचं?

२०२४ च्या शेवटी जपानमधल्या परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांच्या वर गेली. जुलै २०२५ च्या निवडणुकीत 'आधी जपानी' अशी घोषणा देणाऱ्या सानसेतो पक्षानं वरिष्ठ सभागृहात १४ जागा जिंकल्या. पाठोपाठ ५ ऑगस्टला इसेसाकी शहरात ४१.८ अंशांचा नवा विक्रम झाला. म्हणजे माणसं वाढतायत, उन्हाळे कडक होतायत आणि 'आपला कोण' हा वादही तापतोय.

पुढचं संकट साथीचं असेल, भूकंपाचं असेल किंवा आणखी कशाचं. तेव्हा सोप्या जपानीतली नोटीस लागेलच, मदतीचा लिफाफाही लागेल. पण जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरी आईला बघायला जाताना एकच गोष्ट आधी माहीत असायला हवी : परत येता येईल की नाही. ती खात्री पत्त्यावर मिळणार की पासपोर्टवर, याचं कायद्यातलं उत्तर अजूनही पासपोर्टच आहे. ते कलम अजून तिथेच आहे.