अंगीं लागलेलें सुख

तिशी-चाळिशींत कोणाचें पोट सुटूं लागलें कीं आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी कौतुकानें म्हणतात, "सुख अंगीं लागलें हो!" निवृत्तीनंतर आमच्या कोटाची गुंडी लागेना, तेव्हां आम्हींहि तें हंसण्यावारी नेलें. पुढें रक्ततपासणींत कोलेस्टेरॉल वाढलेलें आढळलें; दुखत मात्र कांहींच नव्हतें. हाच या विकाराचा कावा! पोटांत चरबी सांचली कीं यकृत रक्तांत अधिक मेद सोडूं लागतें, आणि तो वर्षानुवर्षें धमन्यांच्या भिंतींत मुकाट्यानें बसत जातो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २१ व्या अध्यायांत, अतिस्थूलाचे आठ दोष गणिले आहेत. त्यांत पहिला आयुष्याचा ऱ्हास. कारणांत व्यायामाचा अभाव व दिवसाची झोंप हींहि आहेत. हा अध्याय आम्हीं वाचला होता. जेवणानंतरची वामकुक्षी मात्र दोन तासांची करीत होतों!

वाचकहो, पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरांहून अधिक भरल्यास रक्त अवश्य तपासून घ्यावें. सडपातळांनींहि निर्धास्त राहूं नये. हा दोष कित्येकदां आनुवंशिक असतो.

परवां आमच्या पस्तिशींतील चिरंजिवांस कोणी म्हणालें, "अंगीं लागलें हो!" आम्हीं निमूटपणें त्यांच्या हातीं शिंप्याची फीत दिली.