मांजराला घास घालता, तर दारही लावा

दोन वर्षांपूर्वी जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे स्कोफिल्ड्सला आली. सिडनीच्या वायव्येला, रिचमंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे आमचं उपनगर. एकेकाळी इथं बरीचशी मोकळी रानं होती, आता घराला घर लागलंय. तेव्हा आमच्या मागच्या कुंपणापलीकडे बांधकाम चालू होतं आणि तिथल्या लाकडांच्या ढिगात एक करड्या पट्ट्यांची मांजरी राहायची. माणूस दिसला की पसार व्हायची.

आईनं आठ दिवसांत मागच्या दारी दूधभाताची वाटी ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अगं आई, इथं असं चालत नाही." ती म्हणाली, "मुक्या जिवाला दोन घास घातले तर कुणाचं काय जातंय गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगलीच्या आमच्या वाड्यात मांजर कुणाचंच नसायचं आणि सगळ्यांचं असायचं. मीही त्याच वाड्यात वाढलेली.

सप्टेंबरात मनीला चार पिल्लं झाली. तोवर तिच्या मागोमाग एक काळा-पांढरा तरणा बोकाही जेवायला येऊ लागला होता. शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन शांतपणे म्हणाले, "खायला घालताय ते ठीक, पण पुढच्या वर्षी ही किती होतील?" ते मला लागलं. ओळखीतल्या एका स्वयंसेविकेकडून पिंजरा आणला. पिल्लं लहान होती, लवकर माणसाळली आणि चौघांनाही घरं मिळाली. मनीची आणि बोक्याची नसबंदी करून घेतली.

मला वाटलं, संपलं. पण व्हेटनं विचारलं, "आता यांना ठेवणार कुठे?"

मुंबई-पुण्यात याचं उत्तर सोपं आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या महापालिकांनी भटक्या मांजरांची नसबंदी सुरू केली आहे. मांजर पकडायचं, ऑपरेशन करायचं, आणि जिथून आणलं तिथंच सोडायचं. इथं तसं सोडणं म्हणजे प्राणी टाकून देणं ठरू शकतं. आणि मोठं झालेलं, माणसाला घाबरणारं मांजर सहसा कुणी दत्तक घेत नाही. मग बहुतेकदा त्याला कायमचं झोपवलं जातं. आईनं हे ऐकलं आणि त्या रात्री ती नीट जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांना घरी आणलं, चिप बसवली, माझ्या नावावर नोंदणी केली.

इथवर सगळं छान. पुढची चूक माझी. दोन आठवडे घरात ठेवून मी त्यांना दिवसा बाहेर सोडायला लागले. नसबंदी झाली आहे, पोटभर खायला आहे, आता काय करणार आहेत, असा माझा हिशेब. डिसेंबरच्या एका सकाळी पायपुसण्यावर फेअरी रेनचा नर पडलेला होता. निळ्या डोक्याचा, चिमणीहून लहान, शेपटी उभी धरून झुडपातून टुणटुण उड्या मारणारा. आईला हा पक्षी फार आवडायचा. तिनं त्याला उचलून लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मला काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून मागचं दार बंद झालं.

मला जे तेव्हा कळलं तेच इथं सांगायचं आहे. नसबंदीनं पिल्लं थांबतात, शिकार थांबत नाही. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, कारण ती त्याची भूक नाही, खोड आहे.

आपल्याकडे रानमांजर, वाघाटी पूर्वापार आहेत. तिथले पक्षी आणि लहान प्राणी मांजराच्या जातीशी जुळवून घेत जगत आले. (तिथंही मोकाट मांजरं नुकसान करतातच, पण ते असो.) ऑस्ट्रेलियात मात्र मांजरकुळातला एकही मूळ प्राणी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपियनांनी इथं वसाहत केली आणि त्यांच्याबरोबर मांजरं आली. तेव्हापासून सस्तन प्राण्यांच्या २५हून अधिक जाती नामशेष होण्यात त्यांचा हात असल्याचं संशोधक सांगतात. मोकाट आणि पाळीव मिळून मांजरं दर वर्षी १५० कोटींहून अधिक स्थानिक प्राणी मारतात, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणूनच २०१५ मध्ये इथल्या सरकारनं पाच वर्षांत २० लाख रानटी मांजरं मारण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. ते वाचून अंगावर काटा येतो. पण रानात मांजरांवर बंदुका चालतात त्यामागे कधी ना कधी कुणाच्या तरी अंगणातलं उघडं दार असतं, हेही खरंच.

कायद्याचं म्हणाल, तर कॅनबेरा परिसरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेली मांजरं घरात किंवा बंदिस्त आवारातच ठेवावी लागतात. आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये हे लिहीत असेपर्यंत तशी सर्वसाधारण सक्ती नाही. चिप आणि नोंदणी सक्तीची आहे. चार महिन्यांवरच्या मांजराची नसबंदी केली नसेल तर १ जुलै २०२० पासून वार्षिक परवाना घ्यावा लागतो. पण सक्ती नाही म्हणून आपली जबाबदारीही नाही, असं थोडंच आहे?

"मांजराला कोंडून ठेवणं पाप नाही का?" हा प्रश्न मला आपल्या लोकांकडून हमखास येतो. आईनंही विचारला होता. रस्त्यावर गाडीखाली येणं, बोक्यांच्या मारामारीत जखमा आणि रोग घेऊन येणं, हे मोकळेपण कसलं? आम्ही अंगणाच्या एका कोपऱ्यात छतासकट जाळी लावली, आत फळ्या आणि ओंडका ठेवला, खिडकीतून जायला वाट केली. हजारभर डॉलर गेले. आता दोघं तिथं ऊन खात पडतात.

असं मांजर घरी आणायचं असेल तर मनाची तयारी हवी. सुरुवातीला एकच शांत खोली द्या, लपायला खोकं द्या. मनी सहा आठवडे कपाटामागून बाहेर आली नाही. हात लावायला जाऊ नका, रोखून बघू नका. रोज ठरल्या वेळी खाणं ठेवा आणि जवळ नुसतं बसून राहा. दूध बंद, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. नसबंदीनंतर वजन लवकर वाढतं, म्हणून खाणं मोजून. दोन मांजरांना वाळूचे तीन ट्रे. बोका लघवीला कुंथताना दिसला तर त्याच दिवशी व्हेट गाठा, त्यात जीव जाऊ शकतो. लिलीची फुलं घरात नकोत, मांजराला ती विषारी. आणि ते मांडीवर येऊन बसेल अशी आशा धरू नका. बोका माझ्या हातून खातो. मनी अजून हाताच्या अंतरावर बसते आणि डोळे हळूच मिटते. मला तेवढं पुरतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: १९ मे २०२५ पासून आमच्या राज्यात घरमालकाला पाळीव प्राण्याला सहजासहजी नाही म्हणता येत नाही, कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. तेव्हा "घरमालक ऐकत नाही" म्हणण्याआधी रीतसर अर्ज करा.

आपण आपल्या सवयी बरोबर घेऊन येतो. मुक्या जिवाला घास घालायची सवय चांगलीच आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण इथं नुसता घास अर्धं काम आहे. पिंजरा, ऑपरेशन, चिप आणि बंद दार मिळून ते पुरं होतं. हे सगळं जमणार नसेल तर वाटी ठेवण्याआधी प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेला किंवा आपल्या पालिकेला फोन करा. आणि तुमचे आई-बाबा इकडे येणार असतील तर विमानतळावरून घरी येतानाच त्यांना हे समजावून सांगा. मी सांगितलं नव्हतं.

आई आता सांगलीत आहे. रविवारी व्हिडिओ कॉल लावला की आधी विचारते, "मनी कुठंय?" मी फोन जाळीकडे धरते. मग म्हणते, "आणि तो निळा पक्षी येतो का गं?" येतो. गेल्या आठवड्यात जोडीनं आला होता.