पगार गेला, पोटगीचं काय?

नोकरी गेली म्हणून पोटगीचा आकडा आपोआप खाली येत नाही. अनेकांना हे वसुलीचं वॉरंट दारात आल्यावर कळतं. हुकूम महिन्याला पंधरा हजारांचा असेल, तर पगार बंद झाल्यावरही दर महिन्याला पंधरा हजारच अंगावर चढत राहतात. रक्कम बदलून घेण्याची सोय कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 मध्ये ती आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलम 127 ची तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 मध्ये आली. परिस्थिती पालटल्याचं सिद्ध केलं, तर पोटगी कमी होते, तशी वाढतेही. उणीव आहे ती मुदतीची. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदा सांगतो. फेरबदलाच्या अर्जाला अशी कुठलीच मुदत नाही. तीच 60 दिवसांची मुदत या अर्जालाही लागू झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ही मागणी पुरुषांच्या बाजूची वाटेल, पण तारखांवर तारखा पडत असताना घरात काय होतं ते पाहा. त्याला पूर्ण रक्कम झेपत नाही, म्हणून तो काहीच भरत नाही. इकडे शाळेच्या दुसऱ्या टर्मची फी आणि व्हॅनवाल्याचे पैसे थांबत नाहीत. मग ती थकबाकीचा अर्ज करते, तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. पैसे न भरणाऱ्याला न्यायालय तुरुंगात पाठवू शकतं, पण तुरुंगवास भोगून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यातून मुलाच्या ताटात काही पडत नाही. पंधरा हजारांच्या कागदी हुकुमापेक्षा दरमहा हातात पडणारे आठ हजार त्या आईला जास्त उपयोगाचे असतात.

यावर रास्त आक्षेप असा की, पोटगी चुकवायला लोक मुद्दाम राजीनामा देतात, धंदा भावाच्या नावावर करतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच निकाल लवकर हवा, पण कागद बघून. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतकऱ्यासाठी त्याचा नमुना वेगळा आहे: जमीन किती, बागायती की जिरायती, गाई-म्हशी-शेळ्या किती, हे सगळं त्यात लिहावं लागतं. नोकरदाराचं तर पीएफचं पासबुकच बोलतं. मालकाचा हिस्सा कोणत्या महिन्यात थांबला ते त्यात दिसतं. असं प्रतिज्ञापत्र न जोडणाऱ्याचा अर्ज सरळ फेटाळावा. नवऱ्याचे व्यवहार बायकोला कुठून कळणार, असंही विचारलं जाईल. पण पुरावा देण्याची जबाबदारी कमी मागणाऱ्यावरच आहे. शिवाय न्यायालय सध्याच्या पगाराबरोबर कमावण्याची कुवतही बघतं. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा बजावलं आहे.

कपात करताना मुलाची रक्कम वेगळी धरावी आणि तिला सगळ्यात शेवटी हात लावावा. बापाची नोकरी गेली तरी मुलाची इयत्ता पुढेच जात असते.

तोवर, ज्याचं उत्पन्न खरोखर घटलं आहे त्याने हप्ता परस्पर बंद करू नये. त्याच महिन्यात अर्ज करावा, जमेल तेवढी रक्कम बँकेतूनच भरत राहावी आणि त्या नोंदी जपून ठेवाव्यात.