वहीवांचून चाललेला प्रयोग

"याला ठाण्यास धाडा" ही आपल्या भाषेंतील शिवीच होऊन बसली आहे. तेथील मनोरुग्णालय इ. स. १९०१ सालीं निघालें. काशीगांव त्याच जिल्ह्यांत मोडतें, आणि तेथील सुशिक्षित कुटुंबासही त्या नांवाची धास्ती वाटते. म्हणून 'बिघडलेल्या' मुलीस गुपचूप एखाद्या खासगी दवाखान्यांत नेण्यांत येतें. मुलीस भास होत नाहींत. परंतु आज जिच्यावर ती जीव टाकते तिचें उद्यां तोंड पाहत नाहीं, एकटेपणाच्या भयानें कासावीस होते, हातावर पात्यानें रेघा ओढते. शेजारी तिला नाटकी म्हणतात. वैद्यक तिच्या व्याधीस सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणतें. पुष्कळदां हातीं पडतें तें ओलांझापिन किंवा क्वेटियापिन, म्हणजे मुळांत स्किझोफ्रेनियासारख्या रोगांवरील अँटिसायकॉटिक औषध.

अशा रोग्यांवर औषधांची चाचणी घेणें हें क्रौर्य आहे, असें म्हणणारे सज्जन आमच्या परिचयाचे आहेत. त्यांस आम्ही विचारतों : "घेऊन तर पाहा" असें सांगून वर्षानुवर्षें गोळ्या चारणें ही चाचणी नव्हे काय? प्रयोग तोच, फक्त त्याची वही नाहीं, तुलना नाहीं, आणि मुलीची संमति तर कोणी विचारलेलीच नाहीं.

वही ठेवली म्हणजे काय दिसतें तें पाहा. शुल्झ व त्यांचे सहकारी यांनीं ३१४ रोग्यांस १२ आठवडे ओलांझापिन किंवा निव्वळ पोकळ गोळी दिली. निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला : सुधारणा दोन्हीकडे झाली, फरक म्हणण्यासारखा आढळला नाहीं. वजन मात्र औषधवाल्यांचें वाढलें. २०१४ सालच्या क्वेटियापिनच्या चाचणींत ९५ रोगी होते. अल्प मात्रेचा कांहीं गुण दिसला, हें आम्ही लपवीत नाहीं. पण ती चाचणी आठ आठवड्यांची, आणि आपल्याकडील चिठ्ठी आठ वर्षेंही चालते! क्लोझापिन तर रक्तांतील पांढऱ्या पेशी नष्ट करूं शकतें. तें घेणाऱ्याचें रक्त प्रारंभीं दर आठवड्यास तपासावें लागतें. ब्रिटनमध्यें इस्पितळांतील या विकाराच्या रोग्यांना तें दिलें जात होतेंच, म्हणून त्याची रीतसर परीक्षा योजिली. रोगी हवे होते २२२, मिळाले २९. उत्तर मिळालें नाहीं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनें मात्र २००९ सालींच बजावलें होतें कीं, या विकारावर अँटिसायकॉटिक औषधें दीर्घकाळ देऊं नयेत.

परीक्षेची भीति आपल्या वैद्यकांस परकी असावी असेंही नाहीं. सर्पगंधेचें मूळ वेडावर देण्याची चाल जुनी. बिहारांत तिला 'पागल की दवा' म्हणत. परंतु मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनीं तिचा रक्तदाबावरील गुण रोगी मोजून, आंकडे मांडून १९४९ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां जगानें कान टवकारले.

आणि गोळीवांचून दुसरें कांहीं नाहींच, ही समजूतही खोटी. मार्शा लिनेहान यांच्या १९९१ सालच्या चाचणींत वर्षभराच्या शिस्तबद्ध संभाषण-उपचारानें स्वतःस इजा करून घेण्याचे प्रकार कमी झाले. त्यास वेळ लागतो, शिकलेलें माणूस लागतें. गोळीस पांच मिनिटें पुरतात. खरें कारण हेंच, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें संशोधनांत सामील होणाऱ्या रोग्याची संमति आवश्यक ठरविली आहे, आणि उपचारांचे दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्कही त्यास दिला आहे. चालू गोळी कोणीं आपल्या मनानें एकाएकीं सोडूं नये. परंतु काशीगांवच्या बापानें डॉक्टरांस सरळ विचारावें : ही गोळी नेमकी कशासाठीं, किती आठवडे, गुण न आल्यास कोणत्या तारखेस बंद? आणि उत्तर चालू असतां मुलीस बाहेरच्या बांकावर बसवूं नये.