नजर पुढे, हात मागे

शनिवारची दुपार, बाहेर धो धो पाऊस आणि तरीही लाइट गेलेले नाहीत. असा योग वारंवार येत नाही! म्हटलं चला, बरेच महिने यादीत पडून असलेला एक डच पिक्चर बघून टाकू. नाव 'योंगन्स'. सरळ मराठीत सांगायचं तर 'पोरं'. पिक्चर संपला, चहा झाला, रात्रीचं जेवणही झालं, पण तो काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी थोडी माहिती. पिक्चर २०१४ चा, दिग्दर्शिका मिशा काम्प. मुळात टीव्हीसाठी बनवलेला, नंतर थिएटरातही लागला. लांबी जेमतेम सव्वा तास, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने इंटरव्हलपर्यंतचा!

गोष्ट दोन ओळींत मावते. सीगर हा पंधरा वर्षांचा धावपटू. त्याची आणि त्याच्या जिवलग मित्राची, स्टेफची, रिलेच्या टीममध्ये निवड होते. राष्ट्रीय स्पर्धेची तयारी सुरू होते. टीममध्ये मार्क नावाचा नवा मुलगा येतो. सराव, मग पोहायला जाणं, सायकलवरून भटकणं, असं सगळं चालू असताना सीगर आणि मार्क एकमेकांच्या प्रेमात पडतात. इकडे सीगरच्या घरी आई नाही, ती वारलेली आहे. मोठा भाऊ आणि वडील यांचं सतत वाजतंय. सीगर म्हणजे घरातला 'शहाणा मुलगा'. त्याने आता ही नवी गोष्ट घरात कोणत्या तोंडाने सांगायची? मग तो काय करतो? जेसिका नावाच्या मुलीबरोबर फिरायला लागतो, आणि मार्कला टाळायला लागतो.

बस्स, एवढंच. मी आपला पूर्ण वेळ वाट बघत होतो की आता व्हिलन येईल. कोणीतरी कॉलर धरेल, बाप घराबाहेर काढेल, टीममधून हकालपट्टी होईल. तसं काही होतच नाही! आणि सगळी गंमत (किंवा सगळं दुःख म्हणा) इथेच आहे. देश कुठला, तर नेदरलँड्स. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा जगातला पहिला देश, १ एप्रिल २००१ पासून. म्हणजे २०१४ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला सीगर धड बोलायला लागला नसेल, तेव्हाच त्याच्या देशात कायद्याचा प्रश्न निकालात निघाला होता. तरीही मार्कला पहिल्यांदा किस केल्यावर त्याची पहिली धडपड काय, तर 'मी तसला नाही' हे सांगण्याची.

का बरं? कायदा बाजूने, घरचे काही राक्षस नाहीत, मित्र चांगले. मग घोडं अडतं कुठे?

माझ्या मते उत्तर खेळात आहे. खेळाच्या मैदानावर मुलांना एकमेकांना मिठी मारायची, खांद्यावर हात टाकायची, पाठीवर थाप मारायची पूर्ण मुभा असते. पण एका अटीवर: त्यात 'तसलं' काही नसावं. ही अट कुठे लिहिलेली नसते, पण प्रत्येकाला पाठ असते. म्हणून ज्याच्या मनात खरंच काही आहे, तो प्रत्येक टाळी देताना विचार करतो, की ही जरा जास्त वेळ तर दिली नाही ना मी?

तुम्हाला वाटेल मी उगाच ताणतोय. इंग्लंडचं उदाहरण घ्या. फुटबॉलपटू जस्टिन फशानू याने १९९० मध्ये आपण गे असल्याचं जाहीर केलं. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर तिथल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना हे उघडपणे सांगणारा पुढचा खेळाडू म्हणजे ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स, मे २०२२ मध्ये. मधे बत्तीस वर्षं! त्या काळात इंग्लंडमध्ये कायदे बदलले, लग्नं व्हायला लागली. ड्रेसिंग रूम मात्र गप्पच.

आणि आपल्याकडे? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून बाहेर काढलं. २०१९ च्या मे महिन्यात धावपटू द्युती चंदने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जगाला सांगितलं. घरातूनच उघड विरोध झाला. त्याच वर्षी जुलैत तिने नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, वेळ ११.३२ सेकंद. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मला प्रश्न पडतो तो ११.३२ सेकंदात न धावणाऱ्यांचा. जिल्हा पातळीवर तिसऱ्या येणाऱ्या पोराने किंवा पोरीने काय करायचं? सुवर्णपदक असेल तरच खरं बोलायची परवानगी, असं असतं का?

आता थोडं स्वतःबद्दल, कारण हे न लिहिता वरचं सगळं लिहिणं म्हणजे ढोंग होईल.

शाळेत मी रिलेत दुसरा पळायचो. तिसरा जो होता, तो आमच्यात सगळ्यात वेगवान. बोलण्या-चालण्यात जरा वेगळा. पोरं त्याला 'बायल्या' म्हणायची. मी कधीच म्हटलं नाही, आणि याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. पण मी हसायचो. दर वेळी हसायचो. नववीनंतर त्याने पळणं सोडलं. का सोडलंस, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो गे होता की नव्हता, मला माहीत नाही, आणि तो मुद्दाही नाही. मुद्दा हा, की त्याला काही सांगायचं असतंच, तर ज्याच्या हातून तो रोज बॅटन घ्यायचा त्या माझ्याकडे तो आला असता का? छे. मी स्वतः असतो तर मीही आलो नसतो.

पिक्चरमधला स्टेफ बघताना मला म्हणूनच अस्वस्थ व्हायला झालं. वाईट पोरगा नाहीये तो. चांगला मित्र आहे. आणि तरीही सीगर त्याला सांगू शकत नाही! आपण सगळे स्वतःला स्टेफ समजतो: 'आपल्याला काय प्रॉब्लेम नाही बुवा, ज्याचं त्याचं आयुष्य.' पण हे आपल्या मनात असून उपयोग काय? समोरच्याला ते दिसत नाही. त्याला दिसतं ते आपलं कँटीनमधलं हसणं.

४ बाय १०० रिले बघितली असेल तर एक गोष्ट आठवून बघा. पुढचा धावपटू ठरलेल्या खुणेपर्यंतच मागे बघतो. मागचा तिथे पोचला की हा सुसाट सुटतो, नजर पुढे, आणि हाक आली की न बघता हात मागे करतो. दोघंही पूर्ण वेगात असताना बॅटन हातात पडतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाने ही शर्यत ३६.८४ सेकंदांत मारली. भागिले चार करा: ९.२१. एकट्याने १०० मीटर इतक्या वेगात बोल्टसुद्धा कधी धावला नाही. थांबून, वळून, खात्री करून बॅटन घेतलं तर हे कधीच जमणार नाही. हात आधी पुढे यावा लागतो, बॅटन नंतर येतं.

आपण नेमकं उलटं करतो. 'त्याने सांगितलं तर मी समजून घेईन.' अरे, पण हात कुठेय तुझा?

काही लोक म्हणतील की पिक्चर फारच गोड आहे, खऱ्या आयुष्यात पोरं मार खातात, घर सोडून पळतात. खरंय. पण प्रत्येक वेळी अशा गोष्टीत कोणीतरी मेलंच पाहिजे का? पंधरा वर्षांच्या पोराला पडद्यावर आपल्यासारखा कोणी पळताना, पोहताना, हसताना दिसू दे की! आणि गोड असल्यामुळेच हा पिक्चर आपल्याला सुटू देत नाही. व्हिलन असता तर त्याच्यावर खापर फोडून आपण मोकळे झालो असतो.

सोमवारी ऑफिसात कँटीनच्या टेबलावर तो नेहमीचा विनोद होईलच. या वेळी मी हसणार नाही. फार काही मोठं नाही हे, माहितीये. 'यात हसण्यासारखं काय आहे?' एवढं विचारता आलं, तरी पुष्कळ.

असो. पिक्चर मिळाला तर नक्की बघा. शेवट सांगत नाही. :)