खोका उघडा!

"न उघडलेल्या खोक्याला भाव जास्त असतो." हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकलं की त्यावर एकदा सविस्तर लिहायचंच ठरवलं. बाजारात हे वाक्य खरं आहे, ते मला मान्य आहे. बाजाराबाहेर मात्र ते साफ खोटं आहे. आणि माणसाचं सगळं आयुष्य काही बाजारात जात नाही, निदान जाऊ नये!

निमित्त सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आमच्या जुन्या जालन्यातच राहतो. त्याचे काका व्यापारी जहाजावर नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांच्या लोखंडी ट्रंकेत एक जपानी खोका निघाला. तामिया कंपनीचं किट, होंडाच्या आरए २७३ या रेसिंग मोटारीचं, १:१२ प्रमाणातलं. काकांनी इंजिनाचे दोन-चार भाग जोडलेले होते, तेही ओघळलेल्या डिंकाने थोडे वाकडेच. बाकी सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले, जसे कारखान्यातून आले तसे. विद्यार्थ्याची मुलगी आठवीत आहे. तिला ती मोटार जोडायची आहे. पुण्याचे एक नातेवाईक म्हणतात, हात लावू नका, आहे तशी ठेवा, अजून दहा वर्षांनी दुप्पट पैसे येतील. घरात दोन तट पडले आणि प्रकरण माझ्याकडे आलं. "सर, तुम्ही सांगाल तसं."

मी सांगितलं, जोडा. ते सर्वांना पटलं नाही. म्हणून ही कारणं लिहून काढतो आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. १९६६ साली फॉर्म्युला वन शर्यतींत तीन लिटरच्या इंजिनांना परवानगी मिळाली. होंडाने त्यासाठी बारा सिलिंडरचं इंजिन असलेली ही मोटार बनवली. पांढरा रंग, पुढे नाकावर लाल सूर्य, आणि इंजिनाच्या डोक्यावरून मागे जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांचं जंजाळ. आदल्याच वर्षी, १९६५ च्या ऑक्टोबरात, रिची गिंथरने मेक्सिकोत होंडाला पहिला विजय मिळवून दिला होता, पण तो आधीच्या मोटारीवर. ही आरए २७३ ताकदवान खरी, पण जड म्हणून बदनाम झाली. शर्यती तिने काही जिंकल्या नाहीत. तरी शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६७ साली मोठ्या प्रमाणातल्या मोटारींची मालिका सुरू केली ती हिच्यापासूनच. ही कंपनी मुळात लाकडाचा धंदा करणारी, १९४६ सालची. म्हणजे लाकूड कापणाऱ्यांनी प्लास्टिक ओतायला शिकून ही मोटार केली. शिकण्याची गोष्ट तिथपासूनच आहे.

आता पहिला मुद्दा. बंद खोक्यात वस्तू सुरक्षित राहते, हा समजच चुकीचा आहे. किटातले टायर अनेकदा मऊ व्हिनाइलचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं, आणि टायर ज्या कडक प्लास्टिकला टेकलेला असेल त्याला विरघळवतं. या खोक्यातही एका टायरखालच्या भागावर असा चरा पडलेलाच आहे. अंकांची आणि सूर्याची जी चित्रं पाण्यात भिजवून मोटारीवर चिकटवायची असतात, ती पिवळी पडतात, तडकतात. लांब पातळ भाग स्वतःच्याच वजनाने वाकतात. म्हणजे ज्याला आपण 'जपून ठेवणं' म्हणतो, ते खरं तर नजरेआड कुजू देणं आहे. तिजोरीतलं सोनं गंजत नाही म्हणून माळ्यावरचं प्लास्टिकही टिकेल, असं होत नाही.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. किट म्हणजे काय? ती मोटार नाही, मोटारीची तयारी आहे. ज्याने तो साचा कोरला त्याने प्रत्येक भागाला क्रमांक दिला, सोबत चित्रांची सूचनापत्रिका दिली, कारण पुढचं अर्धं काम त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी हातांवर सोपवलं होतं. ते हात कधी लागलेच नाहीत, तर पहिलं अर्धं कामही वाया गेलं. दळण जात्यावर नेऊन ठेवलं आणि दळलंच नाही, तर त्याला कुणी पीठ म्हणत नाही.

आपल्याकडे तर प्रतिकृती करण्याची परंपरा घरोघर आहे. दिवाळीचा किल्ला! माती, दगड, गोणपाट, अळीव पेरून केलेलं रान, आणि वर चिमुकले महाराज. पंधरा दिवसांनी तो किल्ला मोडतो. "मोडला, आता भाव पडला" असं कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. किल्ल्याची किंमत तो करण्यात असते. म्हणूनच हल्ली प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला विकत आणून अंगणात मांडतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्यात महाराज आहेत, तटबंदी आहे, बुरूज आहे, फक्त पोरांच्या नखांतली माती नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, जुन्या वस्तू जपायला नकोत का? हवेत की! पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, वाद्यं. पण नीट पाहा. त्यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी वापरलेली आहे. अडकित्त्याने सुपारी कातरली आहे, दिव्यात तेल जळलं आहे. ते वापरणंच तर त्या संग्रहालयाने जपलं आहे. आणि त्याच पुण्यात भाऊसाहेब जोशींनी छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय उभं केलं, १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे गाड्या काचेमागे निजलेल्या नाहीत, रुळांवरून धावतात. सिग्नल पडतात, दिवे लागतात, पोरं तोंडात बोट घालून बघतात. त्या गाड्या खोक्यांत ठेवल्या असत्या तर भाव कदाचित वाढला असता, आणि बघायला कुणीही आलं नसतं.

हां, एक गोष्ट मान्य करतो. एखाद्या वस्तूची जगात एकच प्रत उरली असेल, तर तिला हात लावू नये, ती जाणकारांच्या हवाली करावी. पण हे किट तसं नाही. कंपनीने हीच मोटार पुढे पुन्हा बाजारात आणली. मग या खोक्यात दुर्मिळ काय आहे? कागद, छपाई आणि साल. तर कागद ठेवा ना जपून! खोका, सूचनापत्रिका, चित्रांचा ताव यांचे उत्तम फोटो काढा, खोका कपाटात ठेवा. मोटार मात्र जोडा.

"मग मुलीला नवीन किट आणून द्या," असाही एक सल्ला आला. पहिलं म्हणजे, असलं किट जालन्यात कुठल्या दुकानात मिळतं ते मला दाखवा. बाहेरून मागवावं, तर सरकारच्या लेखी हे खेळणंच. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ साली ७० केलं. देशी खेळण्यांना आधार द्यावा हे ठीकच, पण इथे कुणी करतच नाही अशा वस्तूवर एवढा कर लावून आधार नक्की कुणाला मिळतो? दुसरं म्हणजे, नवीन किट जोडायला शिकवतं. जुनं किट जोडायलाही शिकवतं आणि दुरुस्त करायलाही. त्यातलं दुसरं शिक्षण आज जास्त दुर्मिळ आहे.

दुरुस्ती कशी, तेही सांगतो, म्हणजे हे नुसतं भाषण वाटणार नाही. आमचं काम सुरू झालेलं आहे. काकांनी वाकडे चिकटवलेले भाग रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. थंडीने जुना डिंक ठिसूळ होतो, मग पातळ पात्याने सांधा हलकेच मोकळा होतो. जुना रंग काढायला गाडीचं ब्रेक ऑइल चालतं, गॅरेजमध्ये मिळतं, मात्र हातमोजे घालून आणि मोठ्या माणसाने समोर बसूनच. वाकलेला भाग गरम पाण्यात धरायचा, उकळत्या नव्हे, आणि सपाट काचेवर दाबून थंड होऊ द्यायचा. पिवळा पडलेला चित्रांचा ताव प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा. काही आठवड्यांच्या उन्हाने पिवळेपणा उतरतो. मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! वापरण्याआधी त्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्यायचा, म्हणजे पाण्यात त्याचे तुकडे होत नाहीत. हरवलेली बारीक नळी हवी असेल तर उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून दोन्ही टोकांनी ओढायचा. हवी तेवढी बारीक तार निघते. टायरने खाल्लेला चरा पुटीने भरायचा आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचा.

यात जे शिक्षण आहे ते पाहा. मी मराठीचा शिक्षक, गणिताचा नव्हे, पण एवढं मलाही समजतं. प्रमाण १:१२ म्हणजे लांबी बाराव्या हिश्शाची. मग रंगवायचं क्षेत्रफळ किती? बारा गुणिले बारा, १४४ वा हिस्सा. आणि घनफळ १७२८ वा. खरी मोटार सातशे किलोची धरली, तर त्याच धातूंची तशीच छोटी मोटार जेमतेम चारशे ग्रॅम भरेल! मुलीने हे कागदावर मांडलं आणि दोनदा तपासलं, कारण तिचा विश्वास बसेना. वर्गात 'प्रमाण' हा धडा तिने केव्हाच पाठ केला होता. विश्वास न बसण्याइतका तो धडा तिला त्या दिवशी कळला.

आता खरा राग कशाचा, ते बोलतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण मांडलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढून करत करत शिकणं म्हणजे काय ते दाखवलं. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून सबंध भूमिती उभी केली, २०१८ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. सगळं सांगून झालं, सत्कार झाले, आणि शाळेत काय चालतं? 'प्रोजेक्ट' द्या म्हटलं की पालक दुकानात जातात, थर्मोकोलचा तयार ज्वालामुखी आणतात, वर मुलाचं नाव लिहितात. शाळा त्याला गुण देते. मी एका शाळेत हे बंद करा म्हणून बोललो, तर उत्तर मिळालं, "सर, प्रदर्शनात चांगलं दिसतं हो!" चांगलं दिसतं! कुणाचे हात त्याला लागले, हे कुणी विचारत नाही. न उघडलेला खोका आणि विकतचा ज्वालामुखी ही एकाच मनोवृत्तीची दोन रूपं आहेत. वस्तू असली म्हणजे झालं, ती करता आली नाही तरी चालेल.

आणि हे जालन्यात चालावं याचं जास्त वाईट वाटतं. आपलं गाव भंगारावर जगतं. देशभरातलं मोडकं लोखंड इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळ्या होऊन बाहेर पडतं. मोडक्यातून पुन्हा उभं करणं हे कुंडलिकेच्या दोन्ही काठांना चांगलं ठाऊक आहे. मग आपल्याच लेकरांच्या हातात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पॉलिश पेपर द्यायला आपण का कचरतो?

शेवटी एक इशारा, तोही जोडणाऱ्यांना. जुनं किट दुरुस्त करताना ते 'नव्यापेक्षा नवं' करण्याच्या नादी लागू नका. जो तो भाग बदलून बाहेरून मागवलेले सुबक भाग बसवले, तर शेवटी काकांच्या ट्रंकेतलं त्यात उरणार काय? आठवीतल्या मुलीचा ब्रश एखाद्या ठिकाणी रेषेबाहेर जाईल. जाऊ द्या. अठरावा भाग उलटा बसेल, काढा आणि पुन्हा बसवा. इंजिनावर काकांच्या डिंकाचा एक ओघळ आम्ही मुद्दाम ठेवणार आहोत. तो घासला तर मोटार जास्त गुळगुळीत होईल, पण हे काम कुणी सुरू केलं होतं याचा पुरावा जाईल.

भाव किती कमी झाला, हे पुण्याच्या नातेवाइकांनी खुशाल काढावं. तुमच्या माळ्यावर असा एखादा खोका असेल, मेकॅनोचा, विमानाचा, जहाजाचा, तर या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो खाली काढा. टायर आधी वेगळे गुंडाळून ठेवा. मग घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला पहिला भाग कापू द्या.